भूमिका वठवायची की घ्यायची? खरा आरपीजी कशाला म्हणायचं

२००२ साली आलेल्या मॉरोविंड या गेमची सुरुवात सेडा नीन नावाच्या छोट्या बंदरगावात होते. तुम्ही जहाजातून आणलेले कैदी असता. सुटका होते, हाती एखादी साधी सुरी लागते, आणि गावाबाहेर पाण्याच्या कडेला एक भलामोठा खेकडा तुमच्या अंगावर येतो. तुम्ही वार करता. सुरी खेकड्याच्या पाठीत शिरलेली डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण खेकड्याला काहीच होत नाही. पुन्हा वार, पुन्हा काही नाही. कितीतरी जणांनी हा गेम या खेकड्यापाशीच सोडून दिला.

गेम बिघडलाय असं वाटणं साहजिक आहे, पण बिघाड कसलाच नव्हता. प्रत्येक वाराला गेम आतल्या आत फासा टाकत होता. तुमच्या पात्राला असली छोटी हत्यारं चालवायचा सराव किती, त्याची चपळाई किती, नशीब किती, पळून पळून ते दमलंय किती, या सगळ्याचा हिशेब होऊन वार लागला की हुकला ते ठरत होतं. तुमचा नेम बरोबर होता. पात्राचा चुकत होता.

‘खरा आरपीजी कुठला’ हा वाद गेम खेळणाऱ्यांमध्ये चाळीस वर्षं चालू आहे, आणि त्याचं मूळ मला या खेकड्यापाशी दिसतं. वार कोण करतंय, तुम्ही की तुमचं पात्र? या एका प्रश्नाला कोण काय उत्तर देतो त्यावर तो कुठल्या गेमला आरपीजी म्हणेल हे बरंचसं ठरतं.

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, भूमिका करण्याचा खेळ. पूर्वी तो ओळखायची खूण सोपी होती. शत्रू मारा, अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी मिळवा, लेव्हल वाढली की ताकद वाढते. ज्यात हे आहे तो आरपीजी. ही खूण आता कामाची राहिलेली नाही. २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ ने ऑनलाइन लढायांमध्ये एक्सपी आणि लेव्हल आणल्या, आणि नंतर ही पद्धत गोळीबाराच्या, शर्यतीच्या, अगदी फुटबॉलच्या गेमपर्यंत पोचली. त्याही आधीचं उदाहरण आपल्याकडच्या पुष्कळांच्या ओळखीचं आहे. २००४ चा जीटीए सॅन अँड्रियास सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलेली एक पिढीच आहे. त्यातला नायक सीजे जिममध्ये गेला की त्याचे दंड भरतात, बर्गर खात सुटला की पोट सुटतं, गाड्या हाकून हात बसतो, गोळ्या झाडून नेम सुधारतो. आकडे आहेत आणि ते वाढतातही. तरी सॅन अँड्रियासला आरपीजी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. का म्हणत नाही, असं विचारलं की मात्र उत्तर पटकन सापडत नाही.

त्यासाठी थोडं मागे, संगणकाच्याही आधी जावं लागतं.

अमेरिकेत युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांची मंडळं होती. टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. एक खेळाडू म्हणजे एक अख्खं सैन्य. १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेसली यांनी यात एक बदल करून पाहिला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि प्रत्येक खेळाडूला त्या गावातला एकेक माणूस दिला. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलपती. खेळाडू एकमेकांशी कुजबुजायला लागले, कट रचायला लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी करू लागले. पार गोंधळ झाला. प्रयोग फसला असं वेसली यांना वाटलं, पण खेळायला आलेले लोक म्हणाले, पुन्हा कधी? त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नसन यांनी हाच धागा पुढे नेऊन ब्लॅकमूर नावाचं किल्ल्यांचं आणि तळघरांचं जग उभं केलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स त्यांना येऊन मिळाले आणि १९७४ च्या सुरुवातीला डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापून बाहेर पडला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

हा खेळ टेबलावर कसा चालतो ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघालेला आहे. चार-पाच जण बसतात. त्यांतला एक डन्जन मास्टर. तो जग सांगतो: ‘समोर नदी आहे, पुलावर एक पहारेकरी उभा आहे, पाऊस लागलाय.’ बाकीच्यांकडे एकेक कागद असतो. त्यावर पात्राचे सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. एखादी खेळाडू म्हणते, ‘मी पहारेकऱ्याला सांगते की त्याचा मुलगा आजारी आहे आणि त्याला घरी बोलावलंय.’ ही गोष्ट कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते. डन्जन मास्टर क्षणभर विचार करतो आणि सांगतो, ‘बरं, वीस बाजूंचा फासा टाक, छाप पाडण्याचा आकडा त्यात मिळव, पंधराच्या वर आलं तर त्याला पटेल.’ फासा सातवर पडतो. पहारेकरी म्हणतो, ‘मला मुलगाच नाही.’ आता काय करायचं? खेळाची खरी मजा तिथून सुरू होते.

या टेबलावर दोन गोष्टी एकत्र काम करत होत्या. एक, आकडे आणि फासे. तुमचं पात्र तुमच्याहून वेगळं आहे, तुम्हाला जमेल ते त्याला जमेलच असं नाही, हे आकडे सांगतात. दुसरी, समोर बसलेला माणूस. तुम्ही कुणी कल्पनाही केली नसेल असं काही केलंत तरी तो त्याची दखल घेतो आणि जग त्याप्रमाणे बदलतो.

संगणकाला यातली पहिली गोष्ट उत्तम जमत होती. दुसरी अजिबात नाही.

म्हणून संगणकावरचे सुरुवातीचे आरपीजी म्हणजे निव्वळ हिशेब होते. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या शैक्षणिक संगणकजाळ्यावर १९७५ मध्ये रस्टी रदरफर्ड यांनी आपल्या गटाला मिळालेल्या एका रिकाम्या फायलीत असा गेम लिहून ठेवला. फायलीचं नाव पेडिट५, म्हणून गेमचंही नाव पेडिट५. व्यवस्थापकांनी तो पुसून टाकला, पण तोवर लोकांना चटक लागलेली होती. १९८० च्या रोगमध्ये अक्षरांनी रेखलेलं तळघर दर वेळी नव्याने तयार व्हायचं. १९८१ च्या विझर्ड्रीत सहा जणांची टोळी घेऊन काळोख्या चक्रव्यूहात उतरायचं. गुण, हत्यारं, लढाया, लूट. पुलावरच्या पहारेकऱ्याला थाप मारायची सोय कुठेच नव्हती. तिथे फक्त त्याला मारता येत होतं.

संगणकावरच्या आरपीजीचा पुढचा सगळा इतिहास मी एकाच शोधाचा इतिहास म्हणून वाचते: टेबलावरचा तो माणूस यंत्रात कसा आणायचा? ज्याने जे उत्तर शोधलं त्याप्रमाणे आरपीजीची एकेक जात तयार झाली.

रिचर्ड गॅरियट यांचं उत्तर मला आजही फार धाडसी वाटतं. त्यांच्या अल्टिमा मालिकेच्या आधीच्या भागांत दुकानदाराला लुटून, निरपराध माणसं मारून तुम्ही शेवटच्या राक्षसाला हरवलंत तरी वीर ठरायचात. १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये शेवटचा राक्षसच काढून टाकला. त्याऐवजी आठ सद्गुण ठेवले आणि ते अंगी बाणवणं हेच ध्येय केलं. सुरुवातीला भविष्य सांगणारी एक बाई तुमच्यासमोर नैतिक पेच टाकते, आणि तुमच्या उत्तरांवरून तुमचं पात्र घडतं. पुढे जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई भेटते. किती पैसे द्यायचे ते तुम्हीच टाइप करायचं, ती मोजून पाहू शकत नाही. कमी दिलेत तरी माल मिळतो, कुणी हटकत नाही. गेम मात्र ते लक्षात ठेवतो आणि पुढे कधीतरी तुमच्या प्रामाणिकपणात ती घट दिसते. त्या काळच्या संगणकाची स्मृती किती तुटपुंजी होती हे पाहिलं तर त्यातली काही जागा एका आंधळ्या बाईच्या विश्वासासाठी राखून ठेवणं ही मोठी गोष्ट होती. आकडा तोच, एक साधा आकडा. पण तो ताकद मोजत नव्हता, तुम्ही कसे वागलात ते मोजत होता.

त्याच सुमाराला जपानमध्ये वेगळं उत्तर तयार होत होतं. युजी होरी यांना विझर्ड्री आणि अल्टिमा या दोन्हींचं वेड होतं. पण ते गेम महागड्या संगणकांवरचे आणि किचकट. त्यांना घराघरांतल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, दोन-चार बटणांत, शाळकरी मुलालाही खेळता येईल असा गेम हवा होता. १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट आला, पुढच्या वर्षी हिरोनोबू साकागुची यांचा फायनल फॅन्टसी. इथे डन्जन मास्टरची जागा घेतली ती लेखकाने. गोष्ट आधीच लिहिलेली, तुम्ही तिच्यातून चालत जायचं. ड्रॅगन क्वेस्टमध्ये सोडवून आणलेली राजकन्या विचारते, मला बरोबर नेशील ना? ‘नाही’ म्हणायची सोय आहे, पण ‘नाही’ म्हटलंत की ती पुन्हा तेच विचारते, ‘हो’ म्हणेपर्यंत. दुसरीकडे त्याच गेममध्ये शेवटचा खलनायक अर्धं जग देऊ करतो, आणि तिथे ‘हो’ म्हटलंत तर खेळच संपतो. त्याच गेममध्ये एक प्रश्न शोभेचा आहे आणि दुसरा खराखुरा. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

जपानी गेम खरे आरपीजी नव्हेत, त्यांत भूमिका कुठे आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. १९९७ च्या फायनल फॅन्टसी ७ मध्ये तुम्ही क्लाउड असता. त्याचं नाव बदलता येतं, पण स्वभाव, भूतकाळ, प्रेम, चुका हे सगळं ठरलेलं. त्याची सोबतीण एरिथ हिचा मृत्यू तुम्ही काहीही केलंत तरी टळत नाही. तिला तासन्‌तास बरोबर घेऊन लढलेला, तिची जादू वाढवलेला खेळाडू नुसता पाहत राहतो. निर्णय घ्यायचाच नसेल तर ही भूमिका कसली, असा त्यांचा सवाल.

मराठीत ‘भूमिका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि या वादात ते दोन्ही लागतात. नट भूमिका वठवतो. संवाद दुसऱ्याने लिहिलेले असतात, शेवट ठरलेला असतो, तरी त्या पात्राच्या कातडीत शिरणं हे त्याचं काम असतं, आणि ते खरं काम असतं. दुसरीकडे, एखाद्या प्रश्नावर माणूस भूमिका घेतो. तिथे संवाद त्याचे स्वतःचे, परिणाम त्याचे स्वतःचे. जपानी परंपरेने पहिला अर्थ धरला, पाश्चात्त्य परंपरेने बहुतांशी दुसरा. एरिथच्या मृत्यूची हळहळ लाखो लोकांना झाली, कारण लढाईतल्या आकड्यांच्या रूपाने ती त्यांच्या संसाराचा भाग झाली होती. ती गेली आणि तिच्यावर केलेली सगळी मेहनतही गेली. हे पुस्तकात होऊ शकत नाही, सिनेमात होऊ शकत नाही. त्यामुळे जपानी आरपीजींना ‘खोटे’ म्हणणं मला मुळीच मान्य नाही. फायनल फॅन्टसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं की ‘जेआरपीजी’ म्हणजे जपानी आरपीजी हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा तो अनेक जपानी निर्मात्यांना भेदभावासारखा वाटला होता. त्यांचं दुखणं समजण्यासारखं आहे. नावापुढे एक अक्षर जोडायचं आणि घराबाहेर उभं करायचं, असा तो प्रकार होता.

आता भूमिका घेण्याच्या बाजूकडे येते. माझा जीव तिकडे जास्त आहे, हे लपवत नाही.

१९९७ मध्येच, फायनल फॅन्टसी ७ च्याच वर्षी, अमेरिकेत इंटरप्लेचा फॉलआउट आला. टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आधी गर्प्स या टेबलावरच्या खेळाच्या नियमांवर बेतला होता. ते जमलं नाही तेव्हा सात गुणांची स्वतःची पद्धत बनवली. अणुयुद्धानंतरचं उजाड कॅलिफोर्निया, जमिनीखालचं एक आश्रयस्थान, तिथलं पाणी शुद्ध करणारी चिप निकामी झालेली, आणि दुसरी शोधून आणायला तुमच्याकडे १५० दिवस. गोष्ट साधी आहे. नवल आहे ते बुद्धीच्या आकड्यात. पात्र बनवताना बुद्धी चारच्या खाली ठेवलीत तर तुमच्या पात्राला नीट बोलताच येत नाही. संवादाच्या जागी नुसतं ‘अं’, ‘हं’. लोक कीव करतात, हाकलतात, कामं देत नाहीत. गेम तोच, गावं तीच, पण तुमच्यासाठी अर्धी दारं बंद.

आणि दुसऱ्या टोकाला त्याच गेमचा शेवट पाहा. मास्टर नावाचा शेवटचा शत्रू साऱ्या मानवजातीचं रूपांतर बलाढ्य म्युटंट्समध्ये, म्हणजे शरीर पार बदललेल्या जीवांमध्ये, करायला निघालाय. सगळे सारखे झाले की भांडणं मिटतील, असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्याशी लढता येतं. पण वाटेत तुम्ही नीट चौकशी केली असेल, त्याचे म्युटंट वांझ आहेत याचा पुरावा मिळवला असेल, तर तो त्याच्यासमोर ठेवता येतो. आपली योजना एका पिढीत संपणार आहे हे कळल्यावर तो खचतो आणि स्वतःचाच शेवट करतो. एकही गोळी न झाडता, बोलून. पुलावरच्या पहारेकऱ्याला थाप मारणारी ती टेबलावरची खेळाडू इथे, तेवीस वर्षांनी, यंत्रात सापडते.

सॅन अँड्रियासचं कोडं मला इथे सुटतं. सीजेचे दंड कितीही फुगले तरी कथा त्याच्या अंगावरून जशीच्या तशी वाहत जाते. तो जाड झाला तर लोक टोमणा मारतात, तेवढंच. कुठलंही मिशन वेगळ्या रीतीने सुटत नाही, कुठलंही दार त्याच्या स्वभावामुळे उघडत नाही की बंद होत नाही. आकडे आहेत, पण जगाला त्यांचं फारसं काही पडलेलं नाही. तेव्हा गेममध्ये आकडे आहेत का, हे विचारून भागत नाही. माझं पात्र तुमच्या पात्राहून वेगळं असेल तर तो वेगळेपणा गेमच्या जगाला कळतो का, हे विचारावं लागतं.

ही कसोटी लावली की काही लाडक्या गेमनाही अडचण होते. मॉरोविंडकडेच परत जाऊ. तो बनवणाऱ्या बेथेस्डाने पुढे लोकांच्या तक्रारी ऐकल्या. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये वार लागलेला दिसला की तो लागतोच, फक्त इजा किती होणार ते कौशल्यावर ठरतं. २०११ च्या स्कायरिममध्ये ताकद, बुद्धी, चपळाई असे आठ मूळ गुणच काढले. उरले ते आरोग्य, जादूची शक्ती आणि दम. खेळायला स्कायरिम कितीतरी सुखद आहे, आणि त्याने ज्यांना या प्रकाराची गोडी लावली त्यांची गणती नाही. पण काय गेलं तेही पाहावं. मॉरोविंडमध्ये जादूगारांच्या संघात बढती हवी तर बुद्धी आणि जादूची कौशल्यं ठरावीक पातळीला न्यावीच लागतात, नाहीतर वरची जागा मिळत नाही. तीन मोठ्या घराण्यांपैकी एकात शिरलात की उरलेल्या दोघांची दारं बंद. स्कायरिममध्ये दोन-चार मंत्र येत असले तरी तुम्ही विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचे प्रमुख होऊ शकता, त्याच आठवड्यात लढवय्यांच्या टोळीचे म्होरके आणि चोरांच्या संघाचेही प्रमुख. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. खेळाडूला काहीही नाकारायचं नाही असं ठरवलं की पात्र विरघळायला लागतं, ते असं.

लढाई हाताने खेळायची असेल तर तो आरपीजी राहत नाही, असा एक कडवा पक्ष आहे. डियाब्लो आधी पाळीपाळीने खेळायचा गेम म्हणून बनत होता. डेव्हिड ब्रेव्हिक यांनी तो प्रत्यक्ष वेळेत चालणारा केला आणि १९९६ च्या अखेरीस तो बाजारात आला. बोटाचा वेग आला की पात्राची भूमिका संपली, असं या पक्षाचं म्हणणं. २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये तर ते अधिकच खरं वाटतं. राक्षसाचा वार चुकवायला उडी तुम्हालाच योग्य क्षणी मारावी लागते, पात्राची चपळाई तिथे मदतीला येत नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. टेबलावरही हुशार खेळाडूचं पात्र जास्त जगायचं, कारण डावपेच शेवटी माणसाच्याच डोक्यातून येतात. खेळाडूचं कौशल्य कधीच पूर्ण बाहेर ठेवता आलेलं नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. २०१५ च्या विचर ३ मध्ये तलवार तुम्ही चालवता आणि नायक गेराल्टचा चेहरा, धंदा, भूतकाळ सगळं ठरलेलं आहे. पण दलदलीतल्या टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं हा निर्णय तुमचा. त्याचं फळ कितीतरी वेळाने दुसऱ्याच गावात दिसतं, एकीकडे अनाथ मुलांच्या नशिबात, दुसरीकडे एका जहागीरदाराच्या घरात. दुसऱ्याने लिहिलेली भूमिका वठवता वठवता भूमिका घ्यायला लावणारा असा गेम कुठल्या खणात ठेवायचा? मी तो निःशंकपणे आरपीजीच्या खणात ठेवते.

उलट टोकाचं उदाहरण २०१९ च्या डिस्को एलिझियमचं. एस्टोनियात रॉबर्ट कुर्विट्झ आणि मित्रांच्या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या जगातून तो आला. तलवार नाही, लढाईची यंत्रणाच नाही. शुद्ध हरपेपर्यंत प्यायलेला एक पोलीस हॉटेलच्या खोलीत जागा होतो, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, आणि मागच्या अंगणात झाडाला टांगलेल्या प्रेताचा तपास त्याच्या गळ्यात आहे. चोवीस कौशल्यं आहेत, आणि ती सगळी बोलतात. ज्ञानकोशाचं कौशल्य वाढवलंत तर ते नको तेव्हा नको ती माहिती देत बसतं. सहानुभूती वाढवलीत तर समोरच्याने गिळलेलं दुःख कानात सांगते. इनलँड एम्पायर नावाचं एक कौशल्य आहे. ते असेल तर गळ्यातला टायसुद्धा तुमच्याशी बोलतो. प्रत्येक अवघड गोष्टीला दोन साधे फासे पडतात. शरीराचे आकडे फार कमी ठेवलेत तर सुरुवातीलाच खोलीतला दिवा लावताना, त्या प्रखर उजेडाने, तुमचा जीव जाऊ शकतो.

यात लढाई नाही म्हणून हा आरपीजीच नाही, असं म्हणणारे भेटतात. माझ्या मते टेबलावरच्या त्या माणसाच्या इतक्या जवळ फार थोडे गेम गेलेत. इथे आकडा म्हणजे पात्राच्या डोक्यातला आवाज. तुमच्या पोलिसाला जे ऐकू येतं ते माझ्या पोलिसाला ऐकूच येत नाही, आणि फासा चुकला तरी गोष्ट थांबत नाही, दुसरीकडे वळते. प्रेताच्या वासाने ओकारी येणं, साक्षीदारासमोर फजिती होणं, हेही लिहिलेलं आहे, आणि यशाइतक्याच जिव्हाळ्याने लिहिलेलं आहे. मॉरोविंडच्या खेकड्यापाशी लोक चिडले, कारण तिथे हुकण्यातून काहीच घडत नव्हतं. हुकणं हा नुसता वाया गेलेला क्षण होता. इथे हुकण्याचीही गोष्ट होते.

बेल्जियमच्या लॅरियनने २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आणला तेव्हा तो वीस बाजूंचा फासा चक्क पडद्यावर, सगळ्यांसमोर ठेवला. १९७४ चा डन्जन्स अँड ड्रॅगन्स, त्याचेच पुढे सुधारत गेलेले नियम, आता घराघरांतल्या पडद्यावर, असं म्हणायचा मोह होतो, पण त्यामागचं काम पाहिलं की शब्द जपून वापरावे लागतात. प्राण्यांशी बोलायची विद्या घेतलीत तर रस्त्यातल्या प्राण्यांनाही काही म्हणायचं असतं. मेलेल्यांना बोलतं करायची विद्या घेतलीत तर प्रेतंही उत्तरं देतात. म्हणजे यातला प्रत्येक शब्द कुणीतरी आधी लिहून, कुणाकडून तरी बोलून घेऊन ठेवलाय, तुम्ही विचाराल की नाही हे ठाऊक नसताना. फासा वाकडा पडला की सेव्ह केलेला खेळ पुन्हा लोड करायची सवय पुष्कळांना असते. त्यांच्यासाठी त्याच वर्षाअखेरीस ऑनर मोड आला: एकच सेव्ह, पडला तो फासा पडला. मी तर म्हणेन की नव्याने खेळणाऱ्यानेही साध्या पातळीवर का होईना, लोड न करता खेळून पाहावं. अर्धा गेम अपयशात लपलेला आहे.

एवढं करूनही टेबलावरचा माणूस यंत्रात आलेला नाहीच. लॅरियनच्या लेखकांनी जे योजलं नव्हतं ते तुम्हाला करता येत नाही. २०१९ मध्ये निक वॉल्टन यांनी एआय डन्जन आणला आणि भाषेच्या मॉडेललाच डन्जन मास्टर केलं. काहीही टाइप करा, गोष्ट पुढे जाते. पहारेकऱ्याला मुलाची थाप मारा, गाणं म्हणा, पुलाशी लग्न लावा. पण तिथे पहिल्या दिवसापासून उलटी अडचण दिसली. तो सगळ्याला ‘हो’ म्हणायचा. मघाशी मेलेला माणूस पुढच्या परिच्छेदात चहा पीत बसायचा. पात्राला काय जमत नाही हे सांगणारा आकडा नाही, म्हणून जिंकण्याला वजन नाही. १९७५ मध्ये यंत्राकडे फासे होते, माणूस नव्हता. इथे माणसासारखं बोलणारं कुणीतरी आलं तर फासे हरवले. दोन्ही एकत्र बसवायची खटपट आता बरेच जण करताहेत, आणि ती जमली तर या वादाची भाषाच बदलून जाईल.

व्याख्या एकदाच पक्की करून टाकावी असंही कुणाला वाटेल. रोगच्या चाहत्यांनी ते करून पाहिलं. २००८ साली बर्लिनमधल्या परिषदेत रोगसारखे गेम कशाला म्हणायचं याचे मुद्दे त्यांनी ठरवले: मेलात की पुन्हा पहिल्यापासून, दर वेळी नवी रचना, पाळीपाळीने खेळ, चौकटींची जमीन वगैरे. मुद्दे विचारपूर्वक काढलेले आहेत. तरी पुढच्या काही वर्षांत ‘रोगलाइक’ हे नाव मिरवणारे जे गेम गाजले त्यांतले कितीतरी या मुद्द्यांत बसत नाहीत, आणि लोक ते नाव वापरायचे थांबलेले नाहीत.

म्हणून कुणी मला विचारलं, अमुक गेम आरपीजी आहे का, तर मी व्याख्या सांगत नाही, एक प्रयोग सांगते. तो फॉलआउटवर सगळ्यात स्वच्छ दिसतो, आणि हा जुना गेम साध्यात साध्या लॅपटॉपवरही चालतो. दोनदा सुरू करा. एकदा बुद्धी नऊ ठेवा, एकदा दोन. दोन्ही वेळा आश्रयस्थानातून बाहेर पडून सरळ पूर्वेला शेडी सँड्सला जा. वेशीवर कॅट्रिना उभी असते, नव्याने येणाऱ्याला गावाची माहिती देणारी. दोन्ही वेळा तिच्याशी बोला.